सॅव्हानात झाडं का वाढताहेत?

पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये बुआके शहराजवळ कोकोंदेक्रो नावाचं ठिकाण आहे. १९३० च्या दशकात आंद्रे ओब्रेव्हिल या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाच्या पुढाकाराने तिथल्या सॅव्हानात जमिनीचे तीन तुकडे आखले गेले. एका तुकड्यात कोरडा हंगाम सुरू होताच, गवतात थोडी ओल असतानाच आग लावायची. दुसऱ्यात हंगाम सरत आल्यावर, गवत कडकडीत वाळल्यावर लावायची. तिसऱ्यात आग शिरूच द्यायची नाही. पाऊस तिघांवर सारखाच, माती सारखीच.

काही दशकांनी तिन्ही तुकडे ओळखू येणार नाहीत इतके वेगळे झाले. आग न लागलेल्या तुकड्यात दाट जंगल उभं राहिलं आणि खालचं गवत संपलं. लवकर आग लागणाऱ्या तुकड्यात बऱ्यापैकी झाडोरा वाढला. उशिरा, म्हणजे प्रखर आग लागणाऱ्या तुकड्यात मात्र गवताचंच राज्य राहिलं, मधूनमधून एखादं झाड.

पाऊस जास्त तिथे जंगल, मध्यम तिथे गवत, नगण्य तिथे वाळवंट, असं आपण भूगोलात पाठ केलेलं असतं. ते चूक नाही, पण सॅव्हानाच्या बाबतीत अपुरं आहे. तिथे किती झाडं असतील हे पावसाबरोबरच आग, प्राणी, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि माणूस असे सगळे मिळून ठरवतात. यातलं एक जरी बदललं तरी झाडांचं प्रमाण बदलतं. गेल्या शंभर वर्षांत यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट बदलली आहे.

सॅव्हाना म्हणजे जमिनीवर सलग गवत आणि त्यात विखुरलेली झाडं. जगाच्या जमिनीचा साधारण पाचवा हिस्सा असा आहे. आफ्रिकेचा फार मोठा भाग, ब्राझीलमधला सेराडो, ऑस्ट्रेलियाचा उत्तर पट्टा, आणि दख्खनच्या पठारावरची बरीचशी माळरानंसुद्धा याच प्रकारात मोडतात. अशी जमीन पाहिली की ‘इथलं जंगल तोडलं असणार’ असं अनेकांना वाटतं. काही ठिकाणी ते खरंही असतं. पण उष्ण प्रदेशातली ही गवतं सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी पसरली. तेव्हा कुऱ्हाड चालवायला माणूस जन्मालाही आलेला नव्हता. सॅव्हाना ही जंगलाची उरलीसुरली अवस्था नाही, ती स्वतंत्र परिसंस्था आहे. हे ध्यानात ठेवलं नाही तर पुढचं सगळंच उलटं दिसायला लागतं.

आता एका रोपाकडे जरा जवळून पाहू. आफ्रिकेतल्या सॅव्हानात बाभळीच्या जातकुळीतलं एक बी रुजलं. पहिल्या पावसात ते वर फारसं वाढत नाही, आधी मूळ खोल नेतं. कोरडा हंगाम येतो, गवत वाळतं, वणवा येतो आणि रोपाचा जमिनीवरचा सगळा भाग जळून जातो. पण मूळ जिवंत राहतं. त्यात साठवलेला स्टार्च ही त्या रोपाची गंगाजळी. पुढच्या पावसात ती खर्चून ते नवे फुटवे काढतं, उरलेल्या दिवसांत पुन्हा साठवण करतं, आणि दोन-तीन वर्षांत पुढचा वणवा येतो. हे चक्र कितीही वर्षं चालू शकतं. कंबरेएवढं दिसणारं रोपटं जमिनीखाली कित्येक वर्षांचं जुनं असू शकतं.

यातून सुटायचा मार्ग एकच. दोन वणव्यांच्या मधल्या काळात शेंडा ज्वाळांच्या वर, साधारण दोन-तीन मीटरच्या पलीकडे न्यायचा आणि खोडाची साल जाड करायची. एकदा ते साधलं की गवताला लागलेली आग त्या झाडाचं फारसं काही बिघडवू शकत नाही. एखाद-दोन वणवे चुकले, किंवा रोपाचा वाढीचा वेग थोडा वाढला, तरी सुटका होते. वेगाची ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून आगीचा प्रयोग चालू आहे. काही तुकडे दर वर्षी जाळायचे, काही दोन वर्षांनी, काही तीन वर्षांनी, काही कधीच नाही. चार दशकांनंतरच्या मोजणीत एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. झाडांच्या संख्येत आगीमुळे फार फरक पडला नव्हता. फरक पडला होता तो आकारात. वारंवार जळणाऱ्या तुकड्यांतही झाडं होतीच, फक्त ती गवताच्या उंचीला अडकून पडली होती. म्हणजे वरवर मोकळं दिसणारं सॅव्हाना खालून रिकामं नसतं. आग थांबली की ही सगळी दबलेली रोपं एकदम वर येतात. बघणाऱ्याला वाटतं, पाच-दहा वर्षांत जंगल कुठून उगवलं!

पावसाची भूमिका काय, तर वरची मर्यादा ठरवण्याची. आफ्रिकेतल्या ८५४ ठिकाणांची माहिती एकत्र करून २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षाला साधारण ६५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तर झाडं किती वाढू शकतात हे पाणीच ठरवतं. आग नसली, जनावरं नसली, तरी तिथे झाडांचे शेंडे एकमेकांना भिडून सलग छत होत नाही. त्याहून जास्त पावसाच्या भागात मात्र पूर्ण जंगल होण्याइतकं पाणी असतं. तिथे गवत टिकून आहे ते आग आणि प्राणी झाडांना आवरून धरतात म्हणून. म्हणूनच ओलसर सॅव्हानात आग बंद केली की चित्र झपाट्याने पालटतं, कोरड्या सॅव्हानात तेवढं नाही.

प्राण्यांचं प्रकरण मला यातलं सगळ्यात रंजक वाटतं, कारण त्यात कारण आणि परिणाम यांच्यामधली वाट फार वळणावळणाची आहे. टांझानियातल्या सेरेंगेटीचंच घ्या. १८८० च्या दशकाच्या शेवटी आफ्रिकेच्या ईशान्य भागात गुरांबरोबर बुळकांडी (रिंडरपेस्ट) हा गुरांचा जीवघेणा रोग आला आणि दहाएक वर्षांत तो खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोचला. गुरं तर मेलीच, विल्डबीस्ट (गाईसारखी दिसणारी, गवत खाणारी मोठी हरणं) आणि रानम्हशीही मेल्या. पुढची कित्येक दशकं हा रोग तिथे ठाण मांडून होता. विल्डबीस्ट थोडे, म्हणून गवत न खाता उभं राहायचं, वाळायचं आणि पेटायचं. पुढे गुरांना लस टोचायला सुरुवात झाली आणि १९६० च्या दशकात रोग हटला. लस दिली होती गुरांना, पण गुरांकडून संसर्ग थांबल्यामुळे विल्डबीस्टही वाचले. १९६० च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास असलेली त्यांची संख्या १९७० च्या दशकाअखेर १३ लाखांवर गेली. एवढ्या तोंडांनी गवत फस्त केल्यावर जळायला उरलं काय? वणवे घटले आणि झाडं वाढायला लागली. गुरांच्या लशीने रानात झाडं वाढली असं कुणी नुसतं सांगितलं असतं तर थट्टाच वाटली असती.

म्हणजे गवत खाणारा प्राणी झाडांचा मित्र ठरतो. पाला खाणारा अर्थातच नाही. टांझानियातल्या मन्यारा सरोवराकाठी छत्रीसारख्या पसरलेल्या बाभळी आहेत. त्यांची वयं तपासली तेव्हा त्या सगळ्या साधारण ठरावीक वेळीच रुजल्याचं दिसलं. एक घोळका बुळकांडीच्या साथीच्या वेळचा, दुसरा १९६१ चा. त्या वर्षी इंपाला हरणांमध्ये अँथ्रॅक्सची साथ आली होती. रोपं कुरतडणारी तोंडं थोड्या काळापुरती गायब झाली आणि तेवढ्यात एक पिढी वर आली. आज शांत, सनातन वाटणारी ती झाडी म्हणजे दोन साथींची खूण आहे.

हत्तींची तर वेगळीच तऱ्हा. केनियातल्या त्साव्होत १९५० आणि ६० च्या दशकांत हत्तींनी गुग्गुळाच्या जातकुळीतल्या झाडांची दाट झाडी मोडून काढली. मोकळ्या जागी गवत आलं, गवताबरोबर आग आली. हत्ती मारून संख्या कमी करावी की निसर्गावर सोडावं, यावर तेव्हा कडाक्याचा वाद झाला. १९७०-७१ च्या दुष्काळात हजारो हत्ती उपासमारीने मेले, पाठोपाठ हस्तिदंतासाठी बेसुमार शिकार झाली, आणि झाडी परत यायला लागली. तेव्हा कुणी १९६५ मधला फोटो दाखवून ‘बघा, ऱ्हास’ म्हणेल आणि कुणी १९८५ मधला दाखवून ‘बघा, पुनरुज्जीवन’ म्हणेल. दोन्ही फोटो खरेच असतील. अशा ठिकाणी ‘मूळ स्थिती’ कुठली धरायची हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाही.

आतापर्यंतची सगळी कारणं त्या त्या जागेची होती. पण झाडं वाढल्याच्या नोंदी तीन खंडांतून येतात. जिथे आग नेमाने लावली जाते आणि व्यवस्थापन तसंच राहिलं आहे अशा काही ठिकाणांहूनही येतात. मग संशयाची सुई हवेकडे वळते.

उष्ण प्रदेशातली गवतं प्रकाशसंश्लेषण वेगळ्या पद्धतीने करतात. तिला सी-४ म्हणतात. ही गवतं पानाच्या आत आधी कार्बन डायऑक्साइड गोळा करतात आणि मग वापरतात. त्यामुळे हवेत तो कमी असला तरी त्यांचं अडत नाही. झाडांची पद्धत सी-३. त्यांना हवेतून जेवढा मिळेल तेवढ्यावर भागवावं लागतं. शेवटच्या हिमयुगात हवेत या वायूचं प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे १८० होतं, उद्योगयुगाच्या आधी सुमारे २८०, आणि आता ते ४२० च्या वर गेलं आहे. या वाढीचा गवताला फारसा लाभ नाही. झाडाला दुहेरी आहे: अन्न जास्त बनतं, आणि पानांची रंध्रं कमी वेळ उघडी ठेवावी लागत असल्याने पाणीही वाचतं. दक्षिण आफ्रिकेत बाभळीची रोपं वेगवेगळ्या प्रमाणांतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवून पाहिली, तेव्हा हिमयुगाच्या प्रमाणात ती खुरटली आणि आजच्या प्रमाणात मुळं नि खोड दोन्ही कितीतरी जोमाने वाढली. वणव्यात अडकलेल्या त्या रोपाला हवा होता तो वेग इथून मिळतो.

तरी सगळं खापर हवेवर फोडणं घाईचं होईल. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेची उपग्रहचित्रं तपासणाऱ्या २०१८ च्या अभ्यासात तीन दशकांत झाडाझुडपांचं आच्छादन ८ टक्के वाढलेलं दिसलं. पण ते कुठे वाढलं आणि कुठे नाही, यातला बराचसा फरक कार्बन डायऑक्साइडला बाजूला ठेवूनही उलगडता आला: कुठे आग घटली, कुठे पाऊस आणि उष्णता वाढली, कुठे पाला खाणारे प्राणी उरले नाहीत. आग तर जगभरच घटते आहे. १९९८ ते २०१५ या काळात दर वर्षी जळणारं क्षेत्र सुमारे २४ टक्क्यांनी कमी झालं, मुख्यतः सॅव्हानांमध्ये. कारण तिथे शेतं, रस्ते, कुंपणं आली आणि गवताचा सलग पट्टा तुटला. आग शेताच्या बांधाशी येऊन थांबते.

खंडाखंडांतही फरक आहे. तीन खंडांतल्या नोंदी एकत्र करणाऱ्या २०१७ च्या अभ्यासानुसार झाडं सर्वांत वेगाने वाढताहेत ती दक्षिण अमेरिकेतल्या अजून न तोडलेल्या सॅव्हानांत. आफ्रिकेतला वेग ऑस्ट्रेलियाच्या अडीचपट आहे. ऑस्ट्रेलियात तर काही ठिकाणी नेमकं उलटं चाललंय. चाऱ्यासाठी आफ्रिकेतून नेलेलं गांबा गवत तिथे माजलं आहे. ते इतकं उंच आणि दाट वाढतं की त्याच्या आगीत स्थानिक निलगिरीही टिकत नाहीत.

हे सगळं कळतं कसं? जुनी हवाई छायाचित्रं आहेत, दक्षिण आफ्रिकेची तर १९३० च्या दशकापासूनची. १९७२ नंतरची उपग्रहचित्रं आहेत. त्याआधीचं हवं असेल तर तळ्यांच्या गाळातले परागकण मोजतात. पण मला सर्वांत आवडते ती मातीची साक्ष. कार्बनचे दोन स्थिर प्रकार असतात, एक हलका, एक किंचित जड. झाडं जड कार्बन जास्त टाळतात, सी-४ गवतं कमी. हे प्रमाण एका ठरलेल्या मानकाहून दर हजारी किती कमी, ते मोजतात. म्हणून झाडाच्या अवशेषांचा आकडा उणे २७ च्या आसपास येतो, गवताचा उणे १३ च्या आसपास. पान कुजलं, मातीत मिसळलं, ओळखू येईनासं झालं, तरी हा फरक राहतो. आता एखाद्या झाडीत खड्डा खणला, वरच्या थरात उणे २६ मिळालं आणि मीटरभर खाली उणे १५, तर अर्थ उघड आहे. ही झाडी नवी, तिच्याखाली जुनं गवताळ रान पुरलेलं आहे.

उपग्रहाच्या आकड्यांबद्दल मात्र थोडं सावध असलेलं बरं. ‘आच्छादन वाढलं’ यात काय वाढलं ते कळत नाही. क्रूगरमध्ये एकाच वेळी झुडपं वाढली आणि जुनी उंच झाडं हत्ती नि आगीमुळे घटली. बेरीज केली तर आकडा जवळपास तसाच राहू शकतो, पण गिधाडाला घरटं बांधायला झुडूप चालत नाही. उलट विरळ झाडं ढोबळ उपग्रहचित्रांत दिसतच नाहीत. २०२० मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या सहारा आणि साहेलच्या (सहाराच्या दक्षिणेला लागून असलेल्या कोरड्या पट्ट्याच्या) १३ लाख चौरस किलोमीटर भागात बारीक चित्रांवरून एकेक झाड मोजलं, तेव्हा १८० कोटींहून जास्त भरली. ज्याला आपण ओसाड म्हणत होतो तिथे!

साहेलचा उल्लेख आला म्हणून सांगतो, झाडं वाढणं सगळीकडे वाईट नाही. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या भीषण दुष्काळांनंतर नायजर देशाच्या दक्षिणेत शेतकऱ्यांनी शेतातल्या जुन्या बुंध्यांचे फुटवे तोडायचे थांबवले आणि जपायला सुरुवात केली. रोपवाटिका नाही, लागवड नाही. त्यातून सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडं परत आली. सावली, चारा, सरपण मिळालं. तिथे झाडं गेली होती ती दुष्काळ आणि तोडीमुळे. ती परत येणं हीच दुरुस्ती होती.

नामिबियात जाऊन हेच सांगून पाहा. तिथे लाखो हेक्टर कुरणांवर काटेरी झुडपांची जाळी माजली आहे. गुरांना गवत उरलं नाही, चित्त्याला धावायला मोकळं रान उरलं नाही. ब्राझीलच्या सेराडोत, साओ पावलो राज्यातल्या एका राखीव क्षेत्रात तीन दशकं आग रोखून धरल्यावर कार्बनचा साठा वाढला खरा, पण वनस्पतींच्या जाती २७ टक्क्यांनी आणि मुंग्यांच्या ३५ टक्क्यांनी घटल्या. आणि गेल्या त्या फक्त सॅव्हानातच जगणाऱ्या. उन्हात वाढणाऱ्या, जमिनीखाली गड्डे आणि जाड मुळं बाळगणाऱ्या त्या वनस्पतींना सावली म्हणजे मरण. गंमत अशी की याच सेराडोचा जवळपास निम्मा भाग सोयाबीन आणि कुरणांसाठी साफ झालेला आहे. बाहेर नांगर, आत सावली, अशा कात्रीत तो सापडला आहे.

कार्बनसाठी का होईना, झाडं वाढू द्यावीत असं म्हणणारे आहेत. त्यांनी क्रूगरचाच आकडा पाहावा. तिथे साठहून अधिक वर्षं आग रोखलेल्या तुकड्यांत कार्बन वाढला तो अंदाजापेक्षा खूपच कमी, असं २०२२ मध्ये दिसून आलं. तरीही आफ्रिकेत १० कोटी हेक्टरांवर वनं ‘पुनःस्थापित’ करण्याच्या योजनेत देशांनी दिलेल्या वचनांपैकी निम्म्याहून अधिक जमीन सॅव्हाना आणि गवताळ प्रदेशांतली आहे. जिथे जंगल नव्हतंच तिथे ते पुनःस्थापित कसं करणार, हा प्रश्न नकाशा रंगवणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

वेळ गेल्यावर मागे फिरणं का अवघड आहे, तेही पाहायला हवं. झाडांचं आच्छादन साधारण ४० टक्क्यांच्या पुढे गेलं की सावलीत गवत विरळ होतं आणि आग पसरतच नाही. आग नाही म्हणून झाडं वाढतात, झाडं वाढली म्हणून आग नाही. या टप्प्यानंतर नुसती काडी ओढून भागत नाही.

म्हणून त्याआधीच आग परत आणायचे प्रयत्न चालू आहेत. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नेम लँडमध्ये २००६ पासून आदिवासी वनरक्षक त्यांच्या परंपरेप्रमाणे कोरड्या हंगामाच्या सुरुवातीला, थंड म्हणजे सौम्य आग लावतात. मोठे वणवे टळावेत हा तिथला हेतू. ब्राझीलने दशकानुदशकांची आगबंदी सोडून २०१४ पासून सेराडोच्या काही संरक्षित क्षेत्रांत ठरवून आग लावायला सुरुवात केली आणि २०२४ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय कायदाही केला. नामिबियात झुडपं तोडून कोळसा आणि जळणाचे ठोकळे बनवतात. पण बुंध्यातून फुटवे येतातच, त्यामुळे दर काही वर्षांनी पुन्हा तोड करावी लागते.

क्रूगरमध्ये तर याहून टोकाचा उपाय करून पाहिला गेला. उष्ण, कोरड्या हवेत मुद्दाम भडका उडेल अशी आग लावली. झुडपं झपाट्याने कमी झाली, पण त्याबरोबर राखून ठेवायची होती ती उंच झाडंही पडली. काही वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा झुडपं मुळांतून परत फुटलेली होती.